झोपेची माधुकरी

मार्च २०१४मध्ये 'व्हल्फपेक' या अमेरिकन बँडने स्पॉटिफायवर 'स्लीपिफाय' नावाचा अल्बम आणला. ट्रॅक दहा. कुणी गात नाही, बास वाजत नाही, ड्रमला काठीचा स्पर्शही होत नाही. पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत शांतता. सोबत श्रोत्यांना एक विनंती होती : रात्री झोपताना हा अल्बम पुन्हापुन्हा वाजत राहील असा लावून ठेवा. त्यातून जे पैसे जमतील त्यावर आम्ही दौरा काढू, आणि त्या दौऱ्यातल्या एकाही कार्यक्रमाला तिकीट नसेल.

बातमी म्हणून हे दोन मिनिटांत वाचून संपतं. तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी ते तसंच छापलं, वाचकांनीही हसून पान उलटलं. मी मात्र त्या अल्बमपाशी अडकलो तो आजतागायत. मागे कंपनी नसलेल्या, जाहिरातीला पैसे नसलेल्या कलाकाराने आपलं संगीत लोकांपर्यंत कसं न्यावं, याच्या आखण्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक वेळापत्रकासारख्या असतात : या तारखेला पोस्टर, त्या तारखेला टीझर, मग प्रकाशन, मग आभार. 'स्लीपिफाय'ची आखणी बंदिशीसारखी आहे. तिच्यात एकही मात्रा भरीची नाही, आणि पुन्हा पाहावी तर आधी निसटलेली एखादी जागा हाती लागते.

सुरुवात लांबीपासून करू. दहाही ट्रॅक एकतीस-बत्तीस सेकंदांचे आहेत. सगळा अल्बम सव्वापाच मिनिटांत आटोपतो. ही लांबी ठरवली ती एका नियमाने. स्पॉटिफायवर कुठलंही ध्वनिमुद्रण तीस सेकंद वाजलं की ते एकदा 'ऐकलं गेलं' अशी नोंद होते, आणि त्या नोंदीवर हक्कदाराचे पैसे ठरतात. तीन मिनिटांचं गाणं असो की पंचवीस मिनिटांचा ख्याल, नोंद एकच. संगीत क्षेत्रात हा नियम सगळ्यांना ठाऊक होता, त्याच्याविषयी कुरकुरणारेही कमी नव्हते. व्हल्फपेकने त्याच्याकडे वादकाने तालाकडे पाहावं तसं पाहिलं. आवर्तन तीस सेकंदांचं आहे ना, मग रचना त्या आवर्तनात बसवू. वरच्या एक-दोन सेकंदांकडे जरा लक्ष द्या. नेमके तीस ठेवले असते तर मोजणीच्या काठावर एखादा ट्रॅक हुकण्याची भीती होती. चाळीस ठेवले असते तर रात्रभरात शंभरांवर नोंदी कमी झाल्या असत्या. कसलेला शिंपी शिवणीत सोडतो तेवढंच कापड इथे सोडलेलं आहे.

आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्ड जपणाऱ्यांना यात ओळखीचं काही सापडेल. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकांनी त्या मर्यादेवर रुसून न बसता तीन मिनिटांत मावेल असा रागाचा एक निराळाच आकार घडवला. त्याआधी, १९०२मध्ये, कलकत्त्यात गौहरजानने ध्वनिमुद्रणाच्या अखेरीस स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारलं, ते सोयीपोटी. मूळ मुद्रिका जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि हे गाणं कुणाचं, हे तिथल्या कारागिरांना त्या पुकाऱ्यावरून कळायचं. पुढे तोच पुकारा तिच्या गाण्याची सही होऊन बसला. यंत्राची अडचण कलाकाराने आपल्या अंगाला लावून घेतली की असं काहीतरी घडतं. 'स्लीपिफाय'ची एकतीस सेकंदं मी याच परंपरेत धरतो, आणि म्हणून ती मला लबाडीची वाटत नाहीत, कसबाची वाटतात.

आता नावं. इंग्रजी व्यंगचित्रांत झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर 'झेड' हे अक्षर ओळीने लिहितात. आपण 'घुर्रर्र' लिहितो तसं. पहिल्या ट्रॅकचं नाव एक झेड, दुसऱ्याचं दोन, तिसऱ्याचं तीन, असं करत दहाव्या ट्रॅकला दहा झेड. स्क्रीनवर ही यादी एकाखाली एक उभी राहिली की अक्षरांचा जिना दिसतो. वरून खाली येताना झोप एकेका पायरीने गाढ होत जाते. ऐकण्यासारखं काहीच नाही म्हटल्यावर वाचण्याची जागा तेवढी उरली होती, आणि ती त्यांनी वाया जाऊ दिली नाही. अल्बमच्या नावातही स्लीप आणि स्पॉटिफाय यांची अशी सांधेजोड आहे की ते उच्चारताच काय करायचं आणि कुठे करायचं, दोन्ही कळतं. प्रसाराच्या भाषेत ज्याला 'सांगण्याची सोय' म्हणावं, ती या एका शब्दात आहे. एकाने दुसऱ्याला सांगताना समजावत बसावं लागत नाही. नाव सांगितलं की कल्पना सांगून झाली.

मग येते विनंती. माझ्या मते या सगळ्या रचनेची सम इथे आहे.

आपलं गाणं घेऊन उभा राहिलेला प्रत्येक कलाकार लोकांकडे एकच गोष्ट मागत असतो : लक्ष. तीच आज सगळ्यांत महाग झाली आहे. ज्याच्याकडे ती मागायची त्याच्या हातातल्या फोनमध्ये त्याच क्षणी आणखी शंभर जण तीच मागत असतात. व्हल्फपेकने लक्ष मागितलंच नाही. त्यांनी माणसाचे ते तास मागितले, जे त्याच्याकडून दुसरं कुणीही मागत नव्हतं, आणि जे देताना त्याचं काही जात नव्हतं. झोपलेल्या माणसाला कंटाळा येत नाही, तो गाणं मध्येच बदलत नाही. शिवाय अल्बममध्ये शांतताच असल्यामुळे ज्याला झोपताना टाचणी पडलेलीही चालत नाही, त्याचीही झोप मोडत नाही. मागणीतच तिच्या आड येणाऱ्या सगळ्या अडचणींची उत्तरं शिवलेली आहेत. इतकी निर्दोष मागणी मी दुसरी पाहिलेली नाही.

हिशेब मांडून पाहा. सात तासांची झोप म्हणजे पंचवीस हजार दोनशे सेकंद. त्याला साडेएकतीसने भागलं की बरोबर आठशे. एका नोंदीला अर्धा सेंट धरला तर एका रात्रीचे चार डॉलर. एरवी एखाद्या चाहत्याने आवडतं गाणं महिन्यात वीस वेळा ऐकलं तर त्या दराने कलाकाराच्या पदरात दहा सेंट पडतात. म्हणजे जागेपणी महिनाभर केलेल्या प्रेमाच्या चाळीसपट एका रात्रीच्या झोपेत. पाचशे चाहत्यांनी दहा-दहा रात्री दिल्या की वीस हजार डॉलर होतात. लाखो श्रोते असायची गरज नाही. पाचशे पुरतात, फक्त ते आपले असायला हवेत. आपल्याकडे शिकायला आलेला गरीब विद्यार्थी माधुकरी मागायचा. एका घरचा घास कुणाला जड होत नसे, आणि पाच घरांचे घास मिळून एकाचं पोट भरत असे. माधुकरीतलं शहाणपण रकमेत नव्हतं, घरं निवडण्यात होतं. अर्ध्या सेंटची ही माधुकरी मागतानाही व्हल्फपेकने घरं ओळखून निवडली होती.

कारण ती घरं त्यांनी आधी तीन वर्षं जोडली होती. ही बाजू पुष्कळांच्या नजरेतून सुटते. २०११मध्ये मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावात, तिथल्या विद्यापीठात संगीत शिकलेल्या मुलांनी हा बँड उभा केला : जॅक स्ट्रॅटन, बासवर जो डार्ट, कीबोर्डवर वुडी गॉस, आणि गिटार ते ड्रम काहीही वाजवणारा थिओ कॅट्झमन. 'मिट पेक', 'फोलमिल्ख' आणि 'माय फर्स्ट कार' असे तीन छोटे संच त्यांनी 'स्लीपिफाय'च्या आधी दिले होते. सोबतीला यूट्यूबवर साध्या खोल्यांत चित्रित केलेले व्हिडिओ होते. त्यांत चौघं एकमेकांच्या अगदी जवळ बसून वाजवतात आणि वाजवताना एकमेकांकडे पाहून हसतात. शांततेच्या अल्बमची बातमी वाचून जो कुतूहलाने त्यांच्या पानावर गेला, त्याला त्या शांततेच्या खालीच हे सगळं मिळालं. रिकाम्या अल्बमने बोट दाखवलं ते भरलेल्या अल्बमांकडे. त्या घरात आधीचे तीन संच नसते, तर तो माणूस दारावरूनच परतला असता. त्याच वर्षी त्यांनी 'फ्यूग स्टेट' हा नवा संचही दिला. आलेल्या पाहुण्यासमोर ताजं ताट आलं.

आणि कुठल्या बँडने शांतता वाजवावी, यालाही अर्थ आहे. व्हल्फपेकचं संगीत फंक परंपरेतलं. शेजारच्या डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांमागे 'फंक ब्रदर्स' या वादकांचा ताफा होता. गाणी जगभर गाजली, वादकांची नावं मात्र पुष्कळ वर्षं रेकॉर्डवर छापलीच गेली नाहीत. अशा ताफ्यांच्या वादनावर या मुलांचा कान घडला. फंकमध्ये बासवादकाची प्रतिष्ठा तो किती वाजवतो यापेक्षा कुठे वाजवत नाही यावर ठरते. जो डार्टच्या बोटांकडे पाहा. दोन स्वरांमध्ये तो तार दाबून गप्प करतो, आणि पाय हलतो तो नेमका त्या गप्प क्षणी. तबल्याच्या ठेक्यातली खाली ज्याच्या कानाला कळते, त्याला हे वेगळं सांगायला नको. डग्गा बोलायचा थांबतो म्हणूनच पुढच्या भरीला वजन येतं. रोज खालीवर उभं राहणाऱ्या संगीतकारांनी एक आख्खा अल्बम खालीचा केला, यात मला त्यांच्या बाजाचंच लांबवलेलं टोक दिसतं. दुसऱ्या कुठल्या भरगच्च वाद्यमेळ्याने हे केलं असतं तर ते फक्त हुशारीचं वाटलं असतं.

स्पॉटिफाय भारतात आलं ते फेब्रुवारी २०१९मध्ये, त्यामुळे त्या मोहिमेत झोपून भाग घेण्याची संधी आपल्याला नव्हती. मी हा अल्बम नंतर यूट्यूबवर ऐकला. कानाला हेडफोन न लावता, रात्री, खोलीत. पहिल्या ट्रॅकमध्ये पंख्याची एक पात किंचित घासते ते ऐकू आलं. चौथ्यात खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला. सातव्या-आठव्याच्या सांध्यावर लांबवर मालगाडी गेली. जॉन केजची १९५२ सालची चार मिनिटं तेहतीस सेकंदांची रचना याच गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे : वादक काही वाजवत नाही, आणि सभागृहातले आवाज हेच संगीत होतात. केजची रचना माणसाला सावध करून ऐकायला लावते. 'स्लीपिफाय' नेमकं उलट सांगतो, ऐकू नका, झोपा. दोन्हींमध्ये वाद्यं गप्प आहेत, पण श्रोत्याला दिलेलं काम वेगळं आहे, आणि काम बदललं की कलाकृती बदलते. त्या रात्री पंख्याची पात ऐकत जागा राहिलो, तेव्हा आपण हा अल्बम चुकीच्या पद्धतीने ऐकतो आहोत हे लक्षात आलं. दुसऱ्या रात्री विनंतीप्रमाणे वागलो.

मागणीइतकीच परतफेडही नीट घडवलेली आहे. कीर्तन रंगतं, मग शेवटी आरतीचं ताट फिरतं, आणि ज्याला जे वाटेल ते तो टाकतो. इथे ताट आधी फिरलं. पण फिरवणाऱ्याने बजावून सांगितलं की यात जे पडेल त्याचं कीर्तन करू, आणि त्या कीर्तनाला दाराशी कुणाला अडवणार नाही. पैसे स्टुडिओच्या भाड्याला किंवा नव्या वाद्यांना लागणार असते तरी चाहत्यांनी दिले असते, पण मग ती मदत झाली असती. विनातिकीट कार्यक्रमामुळे तो व्यवहार झाला, दोन्ही बाजूंनी ताठ मानेचा. जो झोपला, तोच जागा होऊन पुढे बसणार. शिवाय, दौरा कुठल्या शहरांत जाईल हे अल्बम कुठे जास्त वाजतो यावर ठरवू, असंही बँडने सांगून टाकलं. या एका वाक्याने केलेलं काम पाहा. एरवी शहरवार आकडे कलाकाराच्या खासगी तक्त्यात पडून असतात. इथे ते श्रोत्याच्या हातात आले. आपल्या गावी बँड यावा असं ज्याला वाटतं, त्याने स्वतः झोपायचं आणि चार मित्रांनाही झोपवायचं. प्रसाराचं काम श्रोत्यांनी आपणहून उचललं, आणि कुणालाही आपल्याला राबवून घेतलं असं वाटलं नाही. या जागेपाशी मी दर वेळी थांबतो.

हे सगळं सांगितलं एका छोट्याशा व्हिडिओत, स्ट्रॅटनने स्वतः, कॅमेऱ्याकडे पाहून. मोठं नेपथ्य नाही. आधीचे व्हिडिओही तोच जुळवत असल्यामुळे चाहत्यांना त्याची बोलण्याची ढब ओळखीची होती. निवेदक भाड्याने आणला असता तर हीच योजना शंभरपट स्वच्छ आणि पूर्ण निर्जीव झाली असती.

सुमारे सात आठवडे अल्बम स्पॉटिफायवर राहिला. एप्रिलच्या अखेरीस कंपनीने तो आपल्या अटींत बसत नाही म्हणून काढून टाकला. त्याआधी कंपनीच्या प्रवक्त्याने ही क्लृप्ती चतुर असल्याची दाद दिली होती, आणि त्यात केजची छाया दिसते असंही म्हटलं होतं. तोवर जमलेली रक्कम वीस हजार डॉलरच्या आसपास होती; ती बँडला मिळाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या मोजक्या शहरांत विनातिकीट दौरा झाला. शब्द पाळला गेला. पाळला गेला नसता तर मी हे रसग्रहण लिहिलं नसतं, कारण मग मागच्या सगळ्या बारकाव्यांचा अर्थच फिरला असता.

अल्बम काढून टाकला गेल्यावर बँडने जे केलं, ते एखाद्या मुरलेल्या गवयाने बिघडलेल्या तंबोऱ्यावरही मैफल सावरावी तसं आहे. तक्रारीचं पत्रक काढण्याऐवजी त्यांनी स्पॉटिफायवरच 'ऑफिशियल स्टेटमेंट' नावाचा छोटा संच प्रसिद्ध केला. एका ट्रॅकमध्ये स्ट्रॅटन झाल्या प्रकाराविषयी बोलतो. त्यापुढचा ट्रॅक चिंतनासाठी आहे, आणि त्यात पुन्हा तीस सेकंदांहून जराशी अधिक शांतता. निवेदनही त्याच मंचावर, त्याच आवर्तनात. मधल्या एका ट्रॅकपुरता मूळ रचनेचा मुखडा परत येतो आणि आपण समेवर पोचतो.

या मोहिमेवरचा एक आक्षेप मी टाळू इच्छित नाही, कारण तो खरा आहे. स्पॉटिफाय प्रत्येक नोंदीला ठरावीक भाव देत नाही. वर्गणी आणि जाहिराती यांतून आलेल्या पैशांचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हक्कदारांच्या समाईक थैलीत जातो, आणि एकूण नोंदींत ज्याचा जितका वाटा तितके पैसे त्याला मिळतात. म्हणजे व्हल्फपेकच्या झोपेचे वीस हजार डॉलर आले ते इतर सगळ्या कलाकारांच्या वाट्यातून, कणाकणाने. कुणाही एकाचं नुकसान जाणवण्याइतकं नव्हतं, पण हजार बँडांनी हेच केलं असतं तर जागेपणी ऐकल्या जाणाऱ्या गायकाच्या ताटात काय उरलं असतं? हा प्रश्न मला छळतो. माझं उत्तर असं : त्यांनी हे उघड केलं, हिशेब मांडून केलं, खऱ्या माणसांच्या खऱ्या खात्यांवरून केलं आणि एकदाच केलं. पैसे देऊन यंत्रांकडून खोट्या नोंदी वाढवून घेणारे अंधारात काम करतात. इथे दिवा लावून दाखवलं गेलं की थैलीच्या शिवणीत भोक आहे. तरी हे दुसऱ्यांदा केलं असतं तर माझा आदर कमी झाला असता.

भोक पुढे शिवलं गेलं. २०२३च्या अखेरीस स्पॉटिफायने नवे नियम जाहीर केले आणि २०२४पासून ते लागू झाले. आता एखाद्या ट्रॅकची मागच्या बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा नोंद झाली नसेल तर त्याला मानधन नाही. पावसाचे आवाज, यंत्रांची घरघर आणि शांततेची ध्वनिमुद्रणं यांना किमान दोन मिनिटांची लांबी हवी. खोट्या नोंदी सापडल्या तर वितरकाला दंड. नियमांच्या त्या मजकुरात शांततेचं नाव घेऊन उल्लेख आहे, हे वाचलं तेव्हा मला दहा वर्षांपूर्वीचा तो झेडचा जिना दिसला.

तेव्हा आज कुणी पुण्यात किंवा पणजीत बसून एकतीस सेकंदांची शांतता चढवू लागला तर त्याच्या हाती काही लागायचं नाही. इथला वर्गणीचा दर कमी, त्यामुळे नोंदीमागचा पैसाही कमीच. नक्कल तर तशीही शिळीच लागली असती. पण आपलं पहिलं गाणं प्रसिद्ध करू पाहणारे तरुण भेटले की मी त्यांना 'स्लीपिफाय' दाखवतो. त्यांच्या वहीत बहुतेक तारखा असतात. प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी गाणं संपादकांकडे सुचवायचं, म्हणजे आपल्या अनुसारकांच्या नव्या गाण्यांच्या यादीत ते नक्की जातं, हे त्यांना पाठ असतं, आणि ते उपयोगाचंही आहे. मी विचारतो, ऐकणाऱ्याकडे तू नेमकं काय मागतो आहेस? ते त्याला सहज देता येण्यासारखं आहे का? आणि त्याने दिलं तर त्याच्या गावात, त्याच्या हातात काय परत येणार आहे? एकाने बराच वेळ विचार करून सांगितलं की त्याच्या आईच्या भिशीतल्या बावीस बायका रोज सकाळी पोळ्या लाटताना त्याचं गाणं लावतात. त्या बावीस बायकांसाठी आधी पोळ्यांच्या लयीतलं गाणं कर, आणि ते त्यांच्या भिशीत जाऊन गा, असं मी त्याला म्हटलं. तो गेला. गाणं लाटण्याच्या लयीत बसायला त्याला तीन चाली कराव्या लागल्या.

व्हल्फपेकने पुढेही मागण्याची आणि देण्याची नवनवी बांधणी केली. २०२०च्या अल्बममधल्या दहाव्या ट्रॅकची जागा त्यांनी ईबेवर लिलावात काढली. जो सर्वांत जास्त बोली लावेल त्याने आपलं संगीत तिथे ठेवावं. 'अर्थक्वेक लाइट्स' या फारशा माहीत नसलेल्या बँडने सत्तर हजार शंभर डॉलर देऊन ती घेतली, आणि व्हल्फपेकच्या श्रोत्यांसमोर ते आपलं गाणं घेऊन उभे राहिले. पूर्वी रिकामी जागा श्रोत्यांच्या झोपेने भरली, आता दुसऱ्याच्या गाण्याने. रिकाम्या जागेची किंमत ओळखणारी ही माणसं आहेत.

आणि २८ सप्टेंबर २०१९. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, सगळी तिकिटं विकली गेलेली. मागे मोठी रेकॉर्ड कंपनी नाही, मॅनेजर नाही. त्या रात्रीचं चित्रण उपलब्ध आहे. 'डीन टाउन' सुरू होतं, आणि या रचनेला शब्दच नाहीत, जो डार्टच्या बासची एक लांब, वळणावळणाची ओळ आहे. भराभर धावणारी, गळ्याला अवघड. बास सुरू होतो आणि सभागृह ती ओळ गायला लागतं, स्वर न स्वर, मधल्या थांब्यांसकट. थांब्यांकडे कान द्या. इतकी हजारो माणसं एकदम गप्प होतात, अर्ध्या मात्रेपुरती, आणि पुन्हा एकदम उचलतात.